मामांच्या दाढेला दुसरा हात

भिलाई-३
११ ऑक्टोबर १९९३

चि. मीनल हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

लग्नाची तारीख मी दरवर्षी विसरतो. तुझी दाढ माझ्या तोंडात बसली ती तारीख मात्र पाठ आहे, अकरा जुलै. आज बरोबर तीन महिने झाले, असं मी सकाळी मोठ्याने म्हणालो आणि तुझ्या मामीने माझ्या चहात साखर टाकली नाही.

दाढ ठणठणीत आहे. सिविक सेंटरला आम्हा रिटायर्ड लोकांचा संध्याकाळी अड्डा जमतो, तिथे सगळ्यांना सगळं सांगून झालं आहे. जानेवारीत भाचीने हाडात धातूची खुंटी बसवली, सहा महिने हाडाला ती धरू दिली, मग वर दाढ ठेवून मधोमध स्क्रू आवळला आणि स्क्रूच्या डोक्यावर सिमेंटचं बूच लावलं. लोकांना हे खोटं वाटतं. नागपुरात एक मुलगी हे करते हे तर त्याहून खोटं वाटतं. मग मी तोंड उघडून दाखवतो. बाकीचे मामा भाचीला लग्नात भांडी देतात, मी जबडा दिला.

आता एक तांत्रिक शंका. चौतीस वर्षं मी रेल मिलमध्ये बोल्ट आवळले आणि आवळून घेतले, त्यामुळे सवय जात नाही. तू तो स्क्रू किती आवळलास? हाताच्या अंदाजाने की मोजून? आणि केवळ माहितीसाठी विचारतो, असा स्क्रू एखाद्याच्या तोंडात जेवताना टिक्‌ टिक्‌ वाजला तर त्याचा अर्थ काय? माणूस दुसरा आहे. तुझ्या ओळखीचा नाही.

रमाला सांग, दरवर्षीप्रमाणे भाऊबीजेला येतो. अनारसे कडक करू नको म्हणावं. दाढेसाठी नाही, आपलं सहज.

तुझा शरदमामा


नागपूर
१७ ऑक्टोबर १९९३

ती. शरदमामांना साष्टांग नमस्कार.

भिलाईत अशी दाढ असलेला दुसरा माणूस शोधायचा तर पेपरात जाहिरात द्यावी लागेल. तरी तुमच्या त्या अनोळखी गृहस्थांसाठी लिहिते. टिक्‌ वाजणं म्हणजे स्क्रू ढिला होणं. ढिल्या स्क्रूवर चावत राहिलं तर तो एक दिवस मोडतो. मोडलेला तुकडा खुंटीत अडकला की खुंटीही गेली आणि वर्षाची मेहनतही गेली. तेव्हा त्यांना सांगा, सुपारी बंद, फुटाणे बंद, आणि पहिल्या गाडीने दवाखान्यात या.

मामा, आता थट्टा बाजूला ठेवते. बारा डिसेंबरला इथे दातांच्या डॉक्टरांची सभा आहे. ज्यांच्या हॉस्पिटलात मी काम करते त्या उमाकांत केकतपुरे सरांचं मत तुम्ही ऐकलंच आहे. स्क्रू कपाटाला शोभतो, माणसाला कवळी. त्या दिवशी ते सगळ्यांसमोर स्वतः आरसा घेऊन तुमची दाढ हलवून बघणार आहेत. हलली नाही तर हॉस्पिटलात हे काम सुरू करायची परवानगी देतो म्हणाले. हलली तर मी जन्मभर कवळ्या घासायच्या. मुंबईला राहून दोन वर्षं हे शिकले ते कवळ्या घासायला नाही. माझ्याकडे दाखवायला दुसरा पेशंट नाही. दुसऱ्या कोणी तोंडच दिलं नाही.

म्हणून विचारते, खरं सांगा. दाढ नीट आहे ना?

तुमची मीनल


भिलाई-३
२५ ऑक्टोबर १९९३

चि. मीनल हिस आशीर्वाद.

दाढ नीट आहे. खरं सांगितलं. काल दसऱ्याला सोनं वाटायला गेलो तेव्हा चार घरी चिवडा खाल्ला.

पण बेटा, मी तुला विचारलं होतं की किती आवळलास. तू सुपारीवर प्रवचन दिलंस आणि त्याचं उत्तर गिळून टाकलंस. मिलमध्ये कोणी असं केलं की मी त्याला परत विचारायचो.

ऐक. माणसांना वाटतं बोल्ट म्हणजे खिळ्याचा भाऊ, आत गेला की बसला. तसं नसतं. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि परत आखडायला बघतो, त्या ओढीनेच दोन्ही भाग एकमेकांना दाबून राहतात. ओढ कमी पडली की भाग हलतात, भाग हलले की बोल्ट फिरतो, आणि फिरला की मोकळा. नवे फिटर घाबरून कमी आवळतात, त्यांना वाटतं जास्त जोर लावला तर तुटेल. माझ्या नोकरीत आवळताना तुटलेले बोल्ट मी बोटांवर मोजीन. कमी आवळल्यामुळे गेलेले मोजायला गेलो तर पेन्शन पुरणार नाही.

दुसरी गोष्ट. कितीही गुळगुळीत दिसलं तरी लोखंडाच्या अंगावर बारीक खरखर असते. आज आवळलं की उद्यापर्यंत ती खरखर दबते आणि तेवढीच ओढ कमी होते. म्हणून आम्ही एक पाळी मिल चालवून मग तेच बोल्ट पुन्हा आवळायचो. आमच्याकडे त्याला दुसरा हात म्हणत. उतईचा दयाराम माझा सगळ्यात चांगला फिटर. तो बोल्टपासून प्लेटपर्यंत खडूची एक रेघ ओढून ठेवायचा. सकाळी रेघ तुटलेली दिसली की समजायचं, बोल्ट फिरला. साहेब लोकांना वाटायचं हा पूजा करतो.

तू दुसरा हात दिला होतास का? नसेल तर स्प्रिंग वॉशर तरी घाल. डॉक्टरांकडे लॉकनट मिळतं का?

तुझा मामा


पोस्टकार्ड
भिलाई-३, ९ नोव्हेंबर १९९३

चि. मीनल, भाऊबीजेला यायला जमत नाही. सर्दी झाली आहे. रमाला म्हणावं, ओवाळणी मनिऑर्डरने पाठवतो, ओवाळून घेतलं असं समज. दाढ उत्तम.
मामा


भिलाई-३
१६ नोव्हेंबर १९९३

चि. मीनलला विजयामामीचे आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. आज लिहिते, कारण माझा नवरा वयाच्या साठाव्या वर्षी परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा वागतो आहे.

सर्दी वगैरे काही नाही. भाऊबीजेला नागपूरला आले असते तर तू तोंड उघडायला सांगितलं असतंस. म्हणून एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा बहिणीकडे गेले नाहीत. त्या दिवशी दिवसभर पाट मांडून बसल्यासारखे ओट्यावर बसून होते, आणि मी जवळ गेले की पेपर वाचायचे. पेपर परवाचा होता.

दाढ सप्टेंबरपासून वाजते. महिनाभर उजव्या बाजूनेच जेवतात. दयारामभाऊ सांगून गेले म्हणून ओली झाली की जांभळी उमटणाऱ्या कॉपिंग पेन्सिलने नव्या दाढेपासून शेजारच्या दातापर्यंत रेघ ओढतात, सकाळी दाढीच्या आरशात बघतात, रेघ तुटलेली असली की पुसून नवी ओढतात. जीभ जांभळी झाली आहे. मी विचारलं तर जांभळं खाल्ली म्हणाले. कार्तिकात.

आणि वाजते कशाने ते ऐक. सिविक सेंटरच्या अड्ड्यावर दाढेचे खेळ चालतात. लोक खिशातून अख्खी सुपारी घेऊन येतात, हे त्या दाढेने कटकन फोडून देतात आणि तुझं नाव सांगतात. "आमच्या भाचीनं बसवली," म्हणे, "डॉक्टर आहे. लोखंड चावून दाखवू का?" गणपतीत तर मंडपाबाहेर नंबर लागले होते. मी म्हटलं, कावून असं करून राहिले तुम्ही, मोडेल ना. तर म्हणाले, "लोकायले वाटते पोरीचं काम कच्चं असते. मले दाखवू दे."

तुला कळवू नको असं मला शपथ घालून सांगितलं आहे. शपथ त्यांच्या गळ्याची होती, म्हणून फारसं मनावर घेतलं नाही.

मामी


नागपूर
२० नोव्हेंबर १९९३

ती. मामांना नमस्कार.

मामीचं पत्र आलं. तिच्यावर रागावू नका, रागवायचं काम आज माझं आहे.

सुपाऱ्या फोडल्यात. वर मला लिहिलंत, दाढ उत्तम. तुमच्या त्या जांभळ्या जिभेचा फोटो मी सभेत मोठा करून लावणार आहे. आई भाऊबीजेला निरांजन लावून दाराकडे बघत बसली होती, ते तुम्हाला माहीत नाही म्हणून कळवते.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही दोनदा विचारलंत तरी मी ते टाळलं, कारण मला लाज वाटत होती.

मी तो स्क्रू हाताच्या अंदाजाने आवळला. जोर मोजणारा छोटा पाना मुंबईला होता, इथे नाही. पण शिकताना मी तीस-चाळीस स्क्रू आवळले होते, किती जोर लागतो ते माझ्या बोटांना ठाऊक होतं. तुमच्या वेळी मी तेवढा लावलाच नाही. दाढ आवळताना दुखत नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरी तुम्ही खुर्चीत डोळे मिटून, हात जोडून बसला होतात, आणि मला आठवलं की मी सात वर्षांची असताना माझ्या पायातला काटा तुम्ही कसा हळू काढला होता. माझा हात तिथेच थांबला. चला, पुरे, असं म्हटलं. डॉक्टरने असं म्हणायचं नसतं.

दुसरा हातही दिला नाही. महिन्याने बोलवायला हवं होतं. तुम्ही पत्रात ठणठणीत लिहीत राहिलात आणि मी ते खरं मानत राहिले, कारण मलाही तेच हवं होतं.

मिळेल त्या गाडीने या. तोवर दाढेला हात लावू नका. स्वतः काही करू नका. तुम्ही आणि दयारामकाका दोघं मिळून तर मुळीच काही करू नका.

मीनल


भिलाई-३
२२ नोव्हेंबर १९९३

चि. मीनल हिस आशीर्वाद.

हे पत्र शेवटपर्यंत वाच, मधेच आईला हाक मारू नको.

दाढ थोडी वाजत होती. थोडी म्हणजे तशी बरीच. तुझी सभा तोंडावर आलेली, तू तिकडे तयारीत. मी विचार केला, बोल्ट ढिला झाला तर फोरमन काय करतो? दुसरा हात देतो. यासाठी डॉक्टर कशाला हवा?

गुरुवारी तुझी मामी देवळात गेली असताना दयारामला बोलावलं. तो लूनावर उतईहून आला, येताना ओळखीच्या घड्याळवाल्याचा सगळ्यात बारीक पेचकस घेऊन आला. मी ओट्यावर उन्हात मान मागे टाकून बसलो. त्याने सुईने बूच उकरलं, खालचा कापूस काढला आणि आत बघून म्हणाला, "साहब, एकदम फस्क्लास चूडी हे." चूडी म्हणजे पेच. मला फार बरं वाटलं. तुझं कौतुक दयाराम करतो म्हणजे ते साधं नव्हे.

त्याने पेचकस लावला. आता बघ, चूक कुठे झाली ते मी प्रामाणिकपणे सांगतो. दयाराम माझ्या डोक्यामागे उभा होता आणि दाढ उलटी दिसत होती. त्याने आवळायला म्हणून फिरवला, तो सुटायला फिरला. चौतीस वर्षांत त्याच्या हातून असं झालं नाही, पण चौतीस वर्षांत त्याने फोरमनच्या तोंडात काम केलं नव्हतं. स्क्रू वर आला. दाढ माझ्या हातात आली. स्क्रू जिभेवर पडला, आणि मी दयारामला थांब म्हणायला गेलो ते स्क्रूसकट गिळलं.

पुढचं जरा सांभाळून वाच. घरात बोलून उपयोग नव्हता, कारण मामी आल्या आल्या एकच वाक्य बोलली आणि त्यानंतर बोललीच नाही. दयाराम म्हणाला, घाबरायचं नाही, जे वरून गेलं ते खालून येणार. पेरवाच्या झाडामागे पडदा बांधला, जुनं घमेलं ठेवलं, आणि मी माझा मिलमधला घोड्याच्या नालासारखा चुंबक काढला. तो भुशातून सुई उचलतो. तीन दिवस, दोन वेळा, आम्ही पद्धतशीर तपास केला. दयाराम दर वेळी चुंबक फिरवून सरळ उभा राहायचा आणि सांगायचा, "कुछु नइ ए, साहब." मग सगळं पेरवाच्या आळ्यात पुरायचं.

स्क्रू अजून माझ्यातच आहे. पोटात दुखत नाही. दाढ मामीच्या कुंकवाच्या करंड्यात ठेवली आहे. सभेपर्यंत येईल का बाहेर?

तुझा मामा


तार
नागपूर, २५ नोव्हेंबर १९९३

स्क्रू टायटॅनियमचा. चुंबकाला चिकटत नाही. उद्याच पोटाचा एक्स-रे काढा. मीठपाण्याने गुळण्या. चुंबक घरात ठेवा. मीनल


भिलाई-३
२७ नोव्हेंबर १९९३

चि. मीनल,

तार पोस्टमनने ओट्यावर उभं राहून मोठ्याने वाचून दाखवली, त्यामुळे आता गल्लीलाही माहीत आहे.

काल एक्स-रे काढला. पोट साफ आहे. म्हणजे तुझा स्क्रू पहिल्या नाहीतर दुसऱ्या दिवशीच बाहेर पडला, आणि आम्ही दोघं शहाणे त्याच्यावरून चुंबक फिरवून काही नाही म्हणत राहिलो. दयाराम हे ऐकून खाली बसला. आमचं सगळं आयुष्य लोखंडात गेलं बेटा. जे चुंबकाला चिकटत नाही ते धातू असू शकतं, हे डोक्यात आलंच नाही. आळं उकरून बघितलं, पण मामीने त्याच दिवशी दोन टोपल्या शेणखत टाकलं होतं. तिला काय दोष देणार.

तुझं वीस तारखेचं पत्र मला तेवीसला मिळालं. तीनदा वाचलं. काट्याचं मला आठवत नव्हतं. आता आठवलं. तू तेव्हा ओरडली नव्हतीस, मीच ओरडलो होतो.

माझं चुकलं. तुझं नाव मोठं करायला निघालो आणि तुझंच काम मोडून बसलो. रमाला मी वेगळं पत्र लिहिलं आहे.

आता बारा तारखेचं. दयाराम म्हणतो दाढेच्या भोकाचं माप घेऊन तो लेथवर नवा स्क्रू काढतो. मी नको म्हटलं, इतपत अक्कल आली आहे. तुला कुठून नवा स्क्रू मिळाला तर मी आदल्या दिवशी येतो. तू गुपचूप बसव, चांगला कचकचून आवळ, बूच लाव. केकतपुऱ्यांना काय कळणार आहे? या भानगडीबद्दल मी मेलो तरी तोंड उघडणार नाही. म्हणजे दाखवायला उघडेन.

मामा


नागपूर
३० नोव्हेंबर १९९३

ती. मामांना नमस्कार.

मुंबईची माझी वर्गमैत्रीण गीता, तिच्याकडे याच मापाचा एक जादा स्क्रू आहे. तो आणि जोर मोजणारा पाना ती दोन्ही पाठवते आहे. दहा तारखेपर्यंत येतील.

आदल्या दिवशी बसवून गप्प राहावं हे माझ्याही मनात आलं होतं. दोन दिवस तेच डोक्यात होतं. कोणाला कळलं नसतं हेही खरं. पण मग सर परवानगी देतील ती कशाला? मी जे केलं नाही त्याला. पुढच्या पेशंटचा स्क्रू ढिला होईल तेव्हा तो तुमच्यासारखा गप्प बसणार नाही, आणि का ढिला झाला ते सांगायला मला तोंड राहणार नाही.

म्हणून ठरवलं आहे. तुम्ही दाढ करंड्यातून काढून खिशात घालून या. मी सभेत सगळ्यांसमोर सांगणार की ढिली झाली, का झाली, आणि मग सगळ्यांसमोर आवळणार. सर हसले तर हसले.

मला भीती वाटते आहे. तुम्हाला म्हणून सांगते, आईला सांगितलेलं नाही. तुम्ही या.

मीनल

ता. क. चुंबक आणू नका.


नागपूर
१३ डिसेंबर १९९३

सौ. विजयास,

सुखरूप आहे. रमाने स्टेशनवरून घरी आल्या आल्या पाटावर बसवलं आणि महिना उशिरा ओवाळलं. नंतर तासभर बोलत होती. मी खाली मान घालून ऐकत होतो, दाढ खिशात होती.

कालची सभा तुला सविस्तर सांगतो, कारण घरी आल्यावर तू मला बोलू देणार नाहीस.

मोठा हॉल, शंभर-सव्वाशे डॉक्टर, मधोमध एक खुर्ची आणि खुर्चीत मी. तोंड उघडं, दाढेच्या जागी खड्डा. केकतपुरे पहिल्या रांगेत आरसा घेऊन बसले होते. त्यांनी खड्डा बघितला आणि मागे वळून सगळ्यांना म्हणाले, पेशंट आला, दाढ यायची आहे वाटतं. हॉल हसला. मला उठून दोन शब्द सांगावेसे वाटले, पण तोंडात चिमटा होता.

आपली पोर पांढरीफटक पडली होती. आवाज मात्र हलला नाही. म्हणाली, "सर, स्क्रू ढिला झाला, कारण मी तो ढिला आवळला. समोर माझे मामा होते, म्हणून हात आवरला. चूक स्क्रूची नाही, माझी आहे."

विजया, मागच्या रांगेतले उठून बघायला लागले. डॉक्टर लोक चूक झाली असं एकमेकांसमोर म्हणत नाहीत वाटतं. केकतपुऱ्यांनी मला विचारलं, तुम्ही काय खात होता? चिमटा काढला होता, म्हणून मी सुपाऱ्यांचं सगळं सांगून टाकलं. पेरवाच्या झाडाचं नाही सांगितलं. ते तुझ्या-माझ्यात आणि गल्लीत.

मग तिने दाढ बसवली, नवा स्क्रू घातला आणि तो छोटा पाना लावला. खरं सांगतो, मला वाटलं होतं की पुन्हा तसंच होईल, माझ्या तोंडाकडे बघून थांबेल. मी डोळे मिटले नाहीत, हातही जोडले नाहीत. तिच्याकडे बघत राहिलो. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. अशी आवळली की पान्याबरोबर माझी मान वळली आणि खुर्ची कुरकुरली. त्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुखत काहीच नव्हतं. ती आता कोणाची भाची म्हणून काम करत नव्हती, एवढंच मला कळलं.

नंतर तिने दाढेवर पेन्सिलने रेघ ओढली. आपल्या दयारामची रेघ, एवढ्या डॉक्टरांसमोर. सगळ्यांना दहा मिनिटं चहा प्यायला पाठवलं. परत आल्यावर पुन्हा पाना लावला आणि स्क्रू आणखी थोडा फिरला. किती, तर केसभर. पण फिरला तो सगळ्यांनी वाकून बघितला. तिने त्यांना सांगितलं की हा दुसरा हात, आणि हा मी भिलाईच्या एका फोरमनकडून शिकले. शंभर डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, मी नमस्कार केला.

केकतपुरे उठून आले. आरशाच्या दांडीने दाढ पुढून ढकलली, बाजूने ढकलली, मग बोटाने धरून हलवली. माझं डोकं हललं, दाढ हलली नाही. त्यांनी आरसा पुसून खिशात घातला. मग मीनलला म्हणाले, "सुरू करा. प्रत्येक पेशंटला महिन्याने बोलवायचं, तो बरं आहे म्हणाला तरी. आणि नातेवाईक घ्यायचे नाहीत."

परवा येतो. सुपारी सोडली आहे. दयारामला निरोप दे.

शरच्चंद्र


भिलाई-३
९ फेब्रुवारी १९९४

चि. मीनलला मामीचे आशीर्वाद.

तुझ्या हॉस्पिटलात पाच पेशंट झाले हे रमाताईंनी कळवलं. तुझे मामा ते पत्र खिशात घेऊन फिरतात. तोंड उघडून दाखवत नाहीत आता, पत्र दाखवतात.

काल पेरवाचं आळं खणत होते. खुरप्याला एक दोन इंचाचा खिळा लागला, गंजून भुगा झालेला. त्याच्या शेजारी मातीत काहीतरी चमकलं. बघते तर तुझा स्क्रू. अडीच महिने मातीत, शेणखतात आणि आणखी कशात कशात पडून होता, पण कालच आणल्यासारखा. आमच्या घरातल्या चुंबकवाल्यांना बोलावून दाखवला. दयारामभाऊही आले. दोघं त्याच्याभोवती उकिडवे बसून एवढा वेळ बघत होते की मला चहा दोनदा करावा लागला.

मामा म्हणाले, देव्हाऱ्यात ठेवू. मी म्हटलं, तो कुठून आलेला आहे ते देवाला माहीत आहे.

म्हणून तुला पाठवते, या पाकिटात कापसात गुंडाळला आहे. कोणाच्या तोंडात घालू नको. तुझ्या टेबलावर ठेव. पुढे कधी समोर ओळखीचं माणूस येऊन बसेल आणि हात थांबायला लागेल, तेव्हा आधी याच्याकडे बघ आणि मग आवळ.

तीनदा धुतला आहे.

मामी